रोहिणीत आलेला पाऊस : येऊरच्या डोंगरावरची आगोट

ठाणे शहराच्या पश्चिमेला, उपवनच्या तलावापासून वळणे घेत वर चढणारा रस्ता ज्या येऊरच्या डोंगरावर जातो, तिथे आमचे घर आहे. कारवी या रानझुडपाच्या काड्यांच्या, मातीने लिंपलेल्या कुडाच्या दोन भिंती, विटांच्या दोन भिंती, मंगलोरी कौलांचे छप्पर, मागे गोठा, पुढे खळे, उताराला लागून भाताची खाचरे आणि त्यांच्याही वर वरकसाचा, म्हणजे हलक्या उतारजमिनीचा, एक तुकडा, एवढाच हा पसारा आहे. भोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. मी शिक्षिका असल्यामुळे खाली वर्तकनगरला राहते आणि मेच्या सुट्टीत माहेरी येते. २०२५ च्या उन्हाळ्यात बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि भाऊ वागळे इस्टेटमध्ये पाळीवर जात होता. त्यामुळे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, सगळी कामे आई, वहिनी, शेजारच्या घरातले काका आणि मी अशा चौघांवर आली. तोवर मी या कामांत हात लावत असे. कोणते काम केव्हा करायचे, हे ठरवण्याच्या चर्चेत मात्र त्या वर्षी पहिल्यांदा बसले.

शहरात मे महिना सुट्टीचा असतो. डोंगरावरच्या घराला वर्षातली सर्वांत जास्त कामे याच महिन्यात असतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठाण्यावर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगरावर त्याची झड अधिक जोराची असते. एकदा तो लागला की सरपण वाळत नाही, मातीचे काम होत नाही, छपरावर चढता येत नाही. म्हणून लाकूडफाटा, गोवऱ्या, कौले, कूड, विहीर, बियाणे, राब, मीठ-मिरची, सुकी मासळी हे सगळे मृगाच्या आत उरकायचे असते. मृग नक्षत्र जूनच्या ७ किंवा ८ तारखेला लागते आणि हवामान खात्याच्या हिशेबानेही या भागात मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. आमच्या घरातला सगळा क्रम पिढ्यान्‌पिढ्या या तारखांवर बेतलेला आहे. त्या वर्षी पाऊस दोन आठवड्यांहून अधिक आधी आला. ही सारी कामे त्यात कशी बसवली, ते लिहून ठेवावेसे वाटले.

मी वर गेले तेव्हा वैशाख चालू होता. ठाण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो १६ मेच्या सुमारास. दुपारी साडेबाराच्या पुढे अंगणातल्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते आणि घडीभर दिसेनाशी होते. खरे म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा हाच असतो. २१ जूनचा सर्वांत मोठा दिवस येतो तेव्हा आकाश बहुतेक वेळा ढगांनी भरलेले असते. वैशाखात डोंगर पहिल्या नजरेला करपलेला दिसतो. साग निष्पर्ण असतो, गवत पिवळे पडून आडवे झालेले असते, ओढ्यात पांढरे गोटे तेवढे उरतात. पण याच दिवसांत ताम्हणाला जांभळे घोस येतात, बहावा पिवळ्या झुंबरांनी भरतो, कुड्याच्या पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी घरापर्यंत येतो. उंबर फळतो. करवंदे काळी होतात, तोरणे पांढरी होतात, अळूची गोल तपकिरी फळे झाडाखाली पडतात. पाणी सर्वांत कमी असताना खाण्याची फळे सर्वांत जास्त असतात, आणि पाखरे, वानरे, रानमांजरे, माणसे अशा सगळ्यांचाच त्यावर वावर असतो.

त्या वैशाखात कारवीची अवस्था निराळी होती. कारवी सात वर्षे नुसती वाढते आणि आठव्या वर्षी एकदम फुलते. आमच्या डोंगरावर ती २००८ साली, २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ च्या पावसाळ्यात फुलली. फुलून बी धरले की ती झाडे मरतात. त्यामुळे २०२५ च्या मेमध्ये उतारच्या उतार वाळलेल्या काड्यांनी उभे होते. वळवाची ओल लागली की त्यांची सुकलेली बोंडे तडकत आणि बी उडून बाजूला पडे. ओसरीवर निजलेल्या बाबांना तो आवाज ऐकू येई. “अजून तडकतेय,” असे ते म्हणत. आमच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या आहेत. आता उद्यानाच्या हद्दीत तोड करता येत नाही, म्हणून जुन्या काड्या शक्य तितक्या जपणे हाच उपाय उरतो. कूड जपायचा म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात त्याला नवे लिंपण द्यावे लागते. वारुळाची किंवा बांधावरची चिकण माती, शेण आणि भाताचे तूस पाण्यात कालवून, रात्रभर मुरू देऊन, सकाळी पायांनी मळून ते भिंतीवर चढवतात. वहिनीचा हात यात फार चांगला आहे. ती खालून वर जाते, तळहाताची कड दाबत नेते आणि काडीचे टोक कुठे उघडे पडले आहे ते बोटांनी चाचपून पाहते, कारण तिथूनच पाणी आत शिरते आणि वाळवी लागते.

६ मेच्या रात्री पहिला वादळी पाऊस झाला. धुळीचा लोट आला, वीज गेली आणि पाठोपाठ टपोरे थेंब पडले. अशा एखाद्या वळवाने कोणाला काळजी वाटत नाही. उलट त्याच्यामागून शेवळे येतात, म्हणून आई दुसऱ्या दिवसापासून बांधाच्या कडेला बघत फिरू लागली. जमिनीतून पाने येण्याआधी एकच तांबूस कोंब वर येतो, तो शेवळा. पाड्यांवरच्या बाया त्याच्या जुड्या बांधून ठाणे स्टेशनच्या बाहेर विकायला बसतात आणि ठाण्यातली जुनी माणसे त्यांची वाट बघत असतात. शेवळा खाजरा असतो. वरचे पापुद्रे सोलून आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि भाजीत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालावी लागते. शेवळे निवडताना आई बोलत नाही, कारण एक पिवळा तुकडा राहिला तर सगळ्या घराचा घसा खाजतो. पहिली कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय आमच्या घरात कोणी तोंडाला लावत नाही. त्या वर्षीही तसेच झाले, फक्त नेहमीपेक्षा बरेच आधी.

त्याच आठवड्यात आम्ही राबाला हात घातला. भाताचे रोप ज्या वाफ्यात वाढवायचे ती जमीन पेरणीआधी भाजून घेणे म्हणजे राब. खाली वाळलेले शेण पसरतात, त्यावर पालापाचोळा आणि बारीक काटक्या, त्यावर गवत किंवा पेंढा, आणि शेवटी सगळ्यावर भुसभुशीत मातीचा पातळ थर देतात. मातीच्या थरामुळे आग भडकत नाही, धुमसत राहते आणि जमीन सावकाश तापते. तणाचे बी जळते, किडीची अंडी मरतात, राखेतून पालाश मिळते आणि माती हलकी होऊन पुढे रोप उपटताना मुळे तुटत नाहीत. पूर्वी यासाठी ऐनाचे टहाळ तोडत असत. ठाणे जिल्ह्यात हा टहाळ तोडण्याचा हक्क इंग्रजी अमदानीत मोठ्या तंट्याचा विषय होता. १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक तक्रारींसाठी मुंबई सरकारने आयोग नेमला, तेव्हा राबाचा प्रश्न त्याच्यापुढे होताच. आज आम्ही झाडाला हात लावत नाही. आमच्या आवारातला गळलेला पाला, गोठ्यातले शेण आणि मागच्या वर्षीचा पेंढा एवढ्यावर भागवतो आणि त्यामुळे राबाचे क्षेत्र मर्यादित ठेवावे लागते. लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या भागाइतकी रोपवाटिका पुरते, म्हणजे एक हेक्टरला दहा गुंठे. आमची शेती त्याहून बरीच लहान आहे.

जंगलाला लागून आग लावायची म्हणजे जबाबदारी मोठी. काकांनी आधी वाफ्याभोवतीचे गवत फावड्याने खरवडून मातीचा रुंद पट्टा मोकळा केला. कडेला पाण्याच्या कळशा आणि ओल्या गोणपाटांचे बोळे ठेवले. आग वाऱ्याच्या दिशेने कधीच लावत नाहीत. वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाला ठिणगी देतात, म्हणजे आगीला वाऱ्याच्या विरुद्ध सरकावे लागते आणि ती हळू जळते. काकांनी चिमूटभर माती वर उधळून वारा पाहिला, पुन्हा थोड्या वेळाने पाहिला. संध्याकाळी डोंगरावरून खाली येणारा वारा सुरू होईपर्यंत थांबायचे, असे ठरले. मला ती प्रतीक्षा फार लांबल्यासारखी वाटली. “घाईची आग जंगलात जाते, बाय,” एवढेच ते म्हणाले. आग लावल्यावर धूर पांढरा, दाट आणि जमिनीलगत चालला. ज्वाळा फारशा दिसल्या नाहीत. अंधार पडल्यावर मातीच्या भेगांतून लाल रेघा दिसत होत्या, आणि त्या विझेपर्यंत आम्ही आळीपाळीने तिथेच बसलो. अशा रीतीने खालचा अर्धा वाफा भाजून झाला. वरच्या अर्ध्यासाठी शेण अजून पुरेसे वाळले नव्हते, म्हणून ते काम मेच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवले. नेहमीच्या वर्षी त्यात काहीच अडचण आली नसती.

त्या रात्री वाफ्यापाशी बसलो असताना काजवे दिसले. ओढ्याकडच्या झाडीत आधी एखाद-दुसरा, मग बरेच. काजव्यांना ओलावा लागतो तसा अंधारही लागतो, कारण नर आणि मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात. माझ्या लहानपणी खळ्यातूनच काजव्यांची झाडे दिसत. आता डोंगरावर बंगले झाले आहेत, त्यांच्या आवारातले झोत रात्री उशिरापर्यंत जळतात आणि झाडांच्या शेंड्यांवर पडतात. २०१६ साली उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, पण दिव्यांच्या उजेडापर्यंत त्याचा परिणाम पोहोचलेला मला दिसत नाही. काजवे आता ओढ्याच्या खोलगटीत, जिथे उजेड शिरत नाही, तिथेच आहेत. ते तिथून जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते, आणि अंगणातला दिवा बाहेरच्या बाजूने झाकण्याचे साधे काम प्रत्येक घरमालकाला करता येईल असेही वाटते. आम्ही ते केले आहे.

मेच्या मध्यावर कौले चाळायला घेतली. वर्षभरात वानरांच्या उड्यांनी कौले सरकतात, फुटतात, त्यांच्या खाली पाला साचतो आणि पाला साचला की पाणी उलटे चढून आत गळते. भाऊ सुट्टीच्या दिवशी वर चढला. मी शिडीवरून कौले देत-घेत होते. प्रत्येक कौल उचलायचे, झटकायचे, बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे, आवाज बद्द आला तर बाजूला टाकायचे आणि चांगले असेल तर खाचेत खाच बसवून परत ठेवायचे. पश्चिमेकडची बाजू आधी घेतली, कारण पाऊस तिकडूनच येतो. कुडाच्या भिंतींवर झड येऊ नये म्हणून पडवीला गवताचे झाप बांधायचे होते. बरेचसे गवत राबात गेल्यामुळे यंदा दोन बाजूंना झाप आणि एका बाजूला ताडपत्री असे केले. सरपण पडवीत दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून वर रचले, कारण जमिनीलगतच्या ढिगात घोणस येऊन बसते आणि पावसाच्या तोंडावर ती कोरड्या जागेच्या शोधात असतेच. गोवऱ्या गोठ्याच्या माळ्यावर गेल्या. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून मडक्यात भरल्या. कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून पत्र्यावर वाळत घातल्या होत्या. त्यांची आंबोशी होते आणि पावसाळ्यात डाळीला आंबटपणा तिचाच असतो.

बाजाराला मी आणि वहिनी खाली ठाण्यात, जांभळी नाक्याला गेलो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामुळे सुके बोंबील, जवळा, सुकट हे मेमध्येच घेऊन ठेवावे लागते. त्या वर्षी मेच्या पावसाने वाळत घातलेली मासळी भिजली होती, त्यामुळे माल कमी आणि भाव चढे होते. विकणाऱ्या मावशींनी स्वतःच सांगितले की हे आधी उन्हात घाला, मगच डब्यात भरा. ऊन मिळाले ते जेमतेम.

२० मेनंतर पाऊस रोजचा झाला. सुरुवातीला सगळे त्याला वळीवच म्हणत होते. वळीव दुपारनंतर येतो, गडगडतो, तासाभरात जातो आणि त्यानंतर उकाडा पुन्हा वाढतो. हा पाऊस पहाटे येत होता, गडगडाट न करता पडत होता आणि वारा नैर्ऋत्येचा होता. बाबा ओसरीवरून म्हणाले, “हा वळीव नव्हे.” २६ मे रोजी हवामान खात्याने मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर केले. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून मुंबईत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा उच्चांकही त्या दिवशी मोडला. नक्षत्र अजून रोहिणी होते. आमचा वरचा अर्धा राब ओल्या शेणाखाली तसाच पडला होता, पूर्वेकडच्या बाजूची कौले चाळायची होती, आणि विहिरीतला गाळ निम्माच निघाला होता.

त्या दिवसांत आमच्या घरात जे बोलणे झाले ते मला फार महत्त्वाचे वाटते. शेजारपाजारच्या काही घरांनी ओल बघून लगेच भात पेरायला घेतले. पाणी मुबलक दिसत होते आणि वाट पाहिली तर वाफे चिखलाने भरतील, ही त्यांची भीतीही खोटी नव्हती. काकांचे म्हणणे वेगळे होते. त्यांनी एकेक खूण मोजून दाखवली. पावशा ओरडतो आहे, नवरंगाची शीळ ओढ्याच्या बाजूने येते आहे, वाळवीला पंख फुटून ती दिव्यावर आली आहे, खेकडे बिळांतून बाहेर आले आहेत, या खुणा झाल्या. पण मृगाचा तांबडा मखमली किडा दिसलेला नाही, कारवीचे बी अजून उगवलेले नाही आणि ओढा एक दिवस वाहून दुसऱ्या दिवशी उतरतो आहे, म्हणजे डोंगराच्या पोटात पाणी अजून भरलेले नाही. “सगळ्या खुणा एका बाजूला येईपर्यंत बी घरात राहू दे,” असे त्यांचे मत पडले. कृषी विभागही शेतकऱ्यांना पेरणीची घाई करू नका, असेच सांगत होता. आईला ते पटले. मला आधी पाखरे म्हणजेच पावसाची खूण असे वाटत असे. कोणतीही एक खूण पुरेशी नसते आणि खुणांमध्ये मतभेद असेल तर थांबणे हाच निर्णय असतो, हे मी त्या बैठकीत समजून घेतले.

आणि पाऊस खरोखरच थांबला. मेच्या अखेरीस आलेला जोर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ओसरला. अधूनमधून सरी येत, मध्ये स्वच्छ ऊन पडे आणि उकाडा पुन्हा मे महिन्यासारखा झाला. हे दिवस आम्हाला उसने मिळाल्यासारखे होते. पूर्वेची कौले चाळून झाली. आंबोशीला आणि सुकटीला ऊन मिळाले. विहिरीत मात्र गढूळ पाणी चढले होते, त्यामुळे उरलेला गाळ काढता आला नाही आणि तो पुढच्या उन्हाळ्यावर गेला. रायवळ आंबे वाऱ्यापावसाने खाली येऊन सडले होते, करवंदे आणि जांभळे पाणचट झाली होती. एरवी जांभळे विकून वहिनीच्या हाती थोडे पैसे येतात, ते त्या वर्षी जवळजवळ आलेच नाहीत. फळे कमी झाल्यामुळे वानरांचा घरावरचा वावर वाढला आणि चाळलेली काही कौले पुन्हा बसवावी लागली.

जंगल याच काळात वेगाने बदलले. वाळलेल्या कारवीच्या बुडाशी कोवळी, दोन-दोन पानांची रोपे दाटीने उगवली. पुढची सात वर्षे आता तीच वाढणार. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी यांची कोवळी पाने निघाली आणि रोजची भाजी रानातून येऊ लागली. तिबोटी खंड्या हा चिमणीएवढा, जांभळ्या-नारिंगी रंगांचा पक्षी पावसाबरोबर आमच्याकडे वीण करायला येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या कडेत बीळ करतो. त्या वर्षी तो मेच्या शेवटीच आला. त्याने कडेत खणायला सुरुवात केल्यापासून आम्ही गुरांना पाण्यावर नेण्याची वाट बदलली. संध्याकाळी गुरे लवकर आत घेत होतो, कारण पाणवठे सगळीकडे भरले की चितळे विखुरतात आणि त्यांच्या मागचा बिबट्याही कुठून जाईल याचा नेम राहत नाही. गोठ्याचे दार आणि कोंबड्यांचे खुराडे आई स्वतः तपासते. बिबट्याविषयी ती कधी रागाने बोलत नाही. वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावून त्याच्या वाटेला आपण जाऊ नये, एवढेच पाळते.

८ जूनला मृग लागला. १० जूनला वटपौर्णिमा झाली. त्यानंतर आम्ही बी बाहेर काढले. आमच्याकडे कर्जत-३ हे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, वाण असते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे हे वाण साधारण चार महिन्यांत तयार होते आणि डोंगरउताराच्या खाचरांना, जिथे पाणी फार दिवस टिकत नाही, तिथे हळवेच भात लागते. बियाणे आधी मिठाच्या पाण्यातून काढले. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी ओतायचे, ढवळायचे, तरंगून वर येईल ते पोकळ बी काढून टाकायचे आणि बुडालेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. भाजलेल्या अर्ध्या वाफ्यात ते थेट पेरले. वरचा अर्धा वाफा भाजता आला नव्हता आणि तिथली माती ओली होती. तिथे बी रात्रभर भिजत घालून, गोणपाटात बांधून मोड आणले आणि चिखल करून त्यावर फेकले. कोकणात याला रहू म्हणतात. राखेची उणीव भरून काढण्यासाठी काकांनी गिरणीतून आणलेल्या भाताच्या तुसाची राख मातीत मिसळली.

१६ जूनला शाळा सुरू झाली आणि मी खाली आले. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी आणि मागून घेतलेल्या रजांत वर जात राहिले. पाऊसही त्याच सुमारास पुन्हा धरला. दोन्ही वाफ्यांतला फरक डोळ्यांना दिसत होता. भाजलेल्या भागात रोप एकसारखे, तण जवळजवळ नाही. न भाजलेल्या भागात रोप उंचीला बरोबरीचे होते, पण मध्ये गवत इतके होते की आई आणि वहिनीला दोनदा बसून ते निवडावे लागले. तुसाच्या राखेने रोपाचा रंग चांगला राहिला, तण मात्र तिने थांबले नाही. आता पुढच्या वर्षी शेण एप्रिलमध्येच वाळवून घ्यायचे आणि राब मेच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण भाजायचा असे आमचे ठरले आहे. मेमध्ये पाऊस येणार नाही, या भरवशावर काम मागे ठेवण्यासारखी स्थिती राहिलेली नाही, हे मत घरात आता सगळ्यांचे आहे, काकांचेसुद्धा.

घाईने मेमध्येच पेरलेल्या काही घरांची रोपे जूनच्या उन्हात पिवळी पडली, काहींची पाणी देऊन वाचली. ज्यांच्याजवळ जादा रोप होते त्यांनी कमी पडलेल्यांना मुठी दिल्या. आमच्याकडूनही गेल्या. पाड्यावर ही देवघेव नेहमीची आहे आणि तिचा हिशेब लावणीच्या दिवशी माणसे कामाला येऊन फेडतात.

आषाढी एकादशी ६ जुलैला होती. ती झाल्यावर आम्ही आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बसलो. रोप तीन आठवड्यांपेक्षा थोडे मोठे झाले होते, आणि हेच वय योग्य असते. वय वाढले की फुटवे कमी येतात. पहाटे वाफ्यात बसून रोप उपटायचे, मुळांची माती पाण्यात धुवायची, मूठ बांधायची आणि मुठी खाचरात ठिकठिकाणी टाकून ठेवायच्या. शेजारच्या घरातली बैलजोडी चिखलणीला आली होती. चिखल नांगरून, फळी फिरवून सपाट झाला की बाया ओळीने उतरतात आणि मागे सरकत लावतात. एका चुडात दोन-तीन काड्या, दोन चुडांत वीतभरापेक्षा कमी अंतर, आणि काडी फार खोल जाऊ द्यायची नाही. पूर्वी पाठीवर बांबूचे आणि पळसाच्या पानांचे इरले असे. आता बहुतेकींच्या अंगावर प्लास्टिकचा कागद असतो. आईकडे एक जुने इरले आहे आणि ती तेच वापरते, कारण प्लास्टिकच्या आत घाम येतो आणि इरल्याखाली हवा खेळते. मी प्लास्टिकमध्ये सकाळ काढली आणि दुपारी तिच्या शेजारी वाकून तिचे म्हणणे खरे असल्याची खात्री करून घेतली.

बाबा काठी टेकत बांधापर्यंत आले. त्यांनी वरच्या खाचराची मोरी पाहिली, पाणी जास्त सुटते आहे असे सांगितले आणि काकांनी तिथे दगड लावून चिखल थापला. आवणी संपत आली तेव्हा जादा रोपाच्या मुठी एका कोपऱ्यात चिखलात उभ्या रोवून ठेवल्या. खेकड्यांनी कुरतडलेल्या किंवा वाहून गेलेल्या चुडांच्या जागी त्या लावायच्या असतात आणि हे नांगे भरण्याचे काम पहिल्या आठ-दहा दिवसांत करावे लागते. वरकसावर नाचणीचे रोप तयार होते. पुष्य नक्षत्र लागल्यावर आई, वहिनी आणि मी ते रोवायला घेतले. नाचणीला चिखल लागत नाही, पण उतारावर उभे राहून रोवताना पाय सारखा घसरतो, त्यामुळे ते काम भातापेक्षा हळू होते. ते उरकून मी सोमवारच्या सकाळच्या बसने खाली शाळेत गेले. नांगे भरणे वहिनीकडे होते, आणि वरच्या खाचराच्या मोरीवर बाबांनी स्वतः लक्ष ठेवायचे ठरवले होते.